खालच्या माणसाचा शब्द

त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींनी एकामागून एक तळ दाखवला, आणि तळाशी उतरणारा एकमेव खात्रीचा माणूस नेमका खाटेवर पडला. लोकांना वाईट वाटलं. कोणाला कशाचं वाईट वाटलं हे त्यांच्या भेटीच्या वेळेवरून कळायचं. ज्याची विहीर आटली होती तो भल्या सकाळी यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहून "आता कसं वाटतंय?" विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत कोपऱ्यातल्या पहारीकडे बघायचा. ज्याच्या विहिरीला अजून पाणी होतं तो संध्याकाळी सावकाश यायचा, टेकायचा, आणि स्वतःच्या पाठदुखीचं सांगून हलका होऊन जायचा.

खाटेवरच्या माणसाला गाव पाताळ म्हणायचं. बत्तीस वर्षांत सत्तावन्न विहिरी त्याने खणल्या होत्या. दिवसाचं ऊन त्याच्या वाट्याला इतकं कमी आलं होतं की उन्हात करपलेल्या माणसांत तो एखाद्या कचेरीतल्या कारकुनासारखा उजळ दिसायचा. आता तो उजळपणाही पिवळा पडला होता. अन्ननळीत गाठ होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्याने घशातून नळी घालून पाहिलं, नळी बाहेर काढली आणि सांगितलं, "घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या." ज्याला पाण्याचा एक घोट उतरवायला चार वेळा मान ताणावी लागते, त्याला ही मोकळीक मिळाली.

घरात तिघंच. पाताळ, त्याची बायको, आणि बायकोचा धाकटा भाऊ. हा मेव्हणा वीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी बहिणीकडे राहायला आला आणि राहिलाच. दाजी विहिरीत उतरायचे, हा काठावर रहाटाशी उभा. खालून डबर भरलेलं टोपलं वर ओढायचं, रिकामं खाली सोडायचं, आणि दिवस संपला की दाजींना ओढून काढायचं. त्याचे दंड खांबासारखे होते. विहिरीत मात्र तो एकदाही उतरला नव्हता. "एक खाली, एक वर, अशी आमची वाटणी," तो सांगायचा, आणि चांगला भाग आपल्याकडे आहे हे कोणी बोलून दाखवू नये अशी त्याची इच्छा असायची.

आठवड्यातून एकदा सिस्टरबाई स्कूटरवरून येत. दुखण्यावरच्या औषधाची बाटली उजेडात धरून, किती उरलंय ते वहीत लिहीत, नाडी बघत, आणि सूचनांचं पाठ केलेलं आवर्तन एका दमात म्हणत. "कूस बदलत राहा, पाठीला जखम होऊ देऊ नका, ओठ ओले ठेवा, पुढे-पुढे आवाज जाईल तेव्हा घाबरू नका, औषधाची वेळ चुकवू नका." नवराबायको आणि मेव्हणा, तिघंही माना डोलावत. सरकारी माणूस बोलत असताना मान डोलवायची, ही सवय सगळ्यांनाच असते.

त्या दिवशी बायको पाणी आणायला आत गेल्यावर पाताळ म्हणाला, "सिस्टरबाई, हे दुखणं लांबवायचं औषध झालं. आटपायचं काही नसतं का?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "असतं, काही देशांत. माणूस बरा होणार नाही असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. त्या माणसाने स्वतः मागायचं. थोड्या दिवसांनी परत विचारायचं, तेव्हाही त्याने मागितलं तर देतात. आपल्याकडे तसा कायदा नाही."

"दोन डॉक्टर?" पाताळला हसू आलं, आणि हसू घशात अडकून त्याचे डोळे भरले. "आपल्याकडे तापाला एक मिळत नाही."

"हे पुन्हा माझ्यापाशी बोलू नका, दादा. मी ऐकलं तर मला वर कळवावं लागतं."

"मग ऐकू नका."

त्यांनी ऐकलं नाही. वहीत लिहिलं, 'रुग्ण शांत आहे.' आणि जाताना स्कूटर सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त किका लागल्या.

दुसरा प्रयत्न मास्तरांवर झाला. निवृत्त मास्तर रोज पेपर घेऊन येत आणि आजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत. घरी त्यांचं वाचन कोणी ऐकत नसे. पाताळने विषय काढताच त्यांनी चष्मा काढला. "असं मनात आणू नये. जीव काय आपला असतो? तो आपल्याला दिलेला असतो."

"बरं. आणि ही गाठ?"

"ती... तीही दिलेलीच म्हणायची."

"मग देणाऱ्याला म्हणावं, दोन्हीतली एक तरी वस्तू परत ने. दोन्हीचं ओझं एकट्याने किती दिवस सांभाळू?"

मास्तरांनी पेपरची घडी घातली. पुढचे चार दिवस त्यांना सर्दी झाली होती, असं कळलं.

मेव्हण्याला त्याने विचारलं ते दाढी करून घेताना. सकाळची वेळ, खाट अंगणात सावलीला ओढलेली. गालाची कातडी इतकी सैल झाली होती की ती अंगठ्याने कानाकडे ताणून धरल्याशिवाय वस्तरा चालत नव्हता. मेव्हण्याने ती ताणून धरली होती, म्हणजे त्याला तिथून उठून जाता येत नव्हतं. पाताळने वेळ बघून निवडली होती.

"तू मला आजवर किती वेळा वर काढलंस रे?"

"मोजतंय कोण."

"मी दोर तीनदा हिसकला की तू काय करायचास?"

"ओढायचो."

"का म्हणून विचारलंस कधी?"

"दाजी, हलू नका, कापेल."

"विचारलंस का?"

"नाही. खालून हिसका आला की ओढायचं. विचारत बसलो तर खालचा मरेल."

"मग आता हिसका देतोय," पाताळ म्हणाला. "तर तू विचारत बसलायस."

वस्तरा थांबला. फेस हनुवटीवर वाळत होता. मेव्हणा म्हणाला, "तेव्हा वर म्हणजे वर होतं, दाजी. उजेड होता, अक्का भाकर घेऊन बसलेली असायची. आता वर काय आहे, मला माहीत नाही."

"मलाही नाही. पण खाली काय आहे ते मला माहीत आहे, आणि तुला नाही."

उरलेली अर्धी दाढी मेव्हण्याने उरकली. दोन ठिकाणी कापलं. त्याच्या हातून दाढी करताना असं कधी झालं नव्हतं.

विहिरींना आजाऱ्याची सोय बघता येत नाही. डेअरीवाल्या बाईंची विहीर पाताळने हिवाळ्यात नऊ पुरुष खोल, म्हणजे नऊ माणसं एकावर एक उभी राहतील इतकी, नेली होती आणि तेव्हाच तो आजारी पडला. बाईंच्या गोठ्यात तीस जनावरं, टँकरचं पाणी दोन दिवसांआड. त्या घरी येऊन बसल्या. पाताळचा हात हातात घेऊन त्यांनी डोळे पुसले आणि मग मेव्हण्याला म्हणाल्या, "तू उतर की! एवढा पैलवान गडी."

"मी वरचा आहे, बाई."

"खालचा आता उतरणार आहे का?"

खाटेवरचा माणूस हे ऐकत होता. तोच बायकोकडे बोट करून म्हणाला, "उतर. रहाटावर हिला घे. हिचा हात पक्का आहे."

असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या कमरेला दोर बांधला गेला. दाजींनी हजार वेळा बांधलेली गाठ आज अक्काने बांधली, आणि दोनदा ओढून बघितली. रहाटाच्या एका दांड्याला ती, दुसऱ्याला डेअरीचा गडी. डेअरीवाल्या बाई छत्री उघडून खुर्चीवर बसल्या.

उतरताना पहिले तीन पुरुष माती, मग मुरूम, मग काळा खडक. खडकावर दाजींच्या छिन्नीचे वण ओळीने होते, एकसारखे, जणू कोणी सुपारी कातरली आहे. तळाला पाय टेकले तेव्हा वरचं आभाळ ताटलीएवढं झालं होतं. कंदील पेटवून बाजूला ठेवला. ज्योत सरळ म्हणजे हवा बरी. त्याने घण उचलला. पहिल्या घावाचा आवाज भिंतींना आपटून त्याच्याच अंगावर आला. इथे आवाज बाहेर जात नाही, हे त्याला वीस वर्षं माहीत नव्हतं. दाजी गाणी म्हणायचे ती वर पुसट यायची. त्याला वाटायचं, हौसेने म्हणतात.

तासाभरात दोन टोपली डबर गेलं. पाठीला दगडाचा गारवा, तोंडाला घाम. मग अचानक त्याला वाटलं की भिंत थोडी जवळ आली आहे. ज्योतीकडे बघितलं, ती सरळ होती. हवा होती, फक्त ती त्याच्या छातीत जाईना. वर हाक मारावी तर काय मारणार? सगळं ठीक आहे, मला बाहेर काढा? त्याचा हात आपोआप दोराकडे गेला. एक, दोन, तीन.

दोर लगेच ताणला गेला. मधे एक श्वासही गेला नाही.

काठावर येऊन तो हातापायांवर ओणवा झाला. डेअरीवाल्या बाई छत्रीखालून पुढे झाल्या. "काय झालं? गॅस आहे का? साप?"

"नाही."

"मग?"

"काही नाही."

गडी तोंड फिरवून हसला. "वरची माणसं वरच शोभतात," तो म्हणाला. अक्काने काही विचारलं नाही. तिने तळहात पदरात गुंडाळले होते, आणि पदराला लाल डाग पडत होते. गड्याने दांडा धरायच्या आत तिने एकटीने ओढायला सुरुवात केली होती.

दुपारी गोठ्यामागे सावलीत दोघं जेवायला बसली. तो म्हणाला, "का ओढायला लावलं, विचारलं नाहीस."

"विचारायचं नसतं. त्यांनीच सांगितलंय." तिने भाकरीचा तुकडा जखमेला न लावता बोटांच्या टोकांनी मोडला. "मला आधी विचारलं त्यांनी. तुझ्या आधी."

त्याने भाकर खाली ठेवली.

"मी नाही म्हटलं. म्हटलं, अंघोळ घालीन, खालचं सगळं काढीन, दहा वर्षं असंच काढायला लावा, काढीन. हे नाही. ते म्हणाले, तू बायको आहेस ना माझी? म्हटलं, म्हणूनच नाही."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार. रागावले. दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तसंही उतरत नव्हतंच." ती हसली, आणि ते हसू लगेच गेलं.

"अक्का, मी काय करू?"

"तुझं तू बघ. मला सांगू नकोस." आणि ती हात धुवायला उठली.

त्या संध्याकाळी खाटेजवळ बसून मेव्हणा म्हणाला, "करीन, दाजी."

पाताळने डोळे उघडले.

"पण धंद्याच्या रीतीने. विहीर सोडायची तर कोण सोडतो? मालक नाही. वरचा नाही. खालचाच."

ही रीत या धंद्यात सगळे पाळत. विहिरीला पाणी लागत नाही, आता इथे खणण्यात अर्थ नाही, हे ठरवायचा हक्क फक्त उतरणाऱ्याचा. मालक कितीही ओरडो. पण उतरणाऱ्यालाही ते खालून, अंधारातून सांगता येत नसे. त्याने वर यायचं, पहार आडवी ठेवायची आणि चार माणसांसमोर तोंडाने म्हणायचं, "माझ्याकडून बास." दोराचा हिसका, हाताची खूण, कोणाकरवी निरोप, असलं काही धरत नसत. दमलेला माणूस खालून काहीही बोलतो म्हणून. पाताळने सत्तावन्न विहिरींत फक्त दोनदा ते म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा नंतर आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता.

"तुम्ही तोंडाने म्हणायचं," मेव्हणा म्हणाला. "आधी म्हटलेलं धरणार नाही. खूण धरणार नाही. त्या दिवशी, त्या वेळी म्हणायचं. मग मी विचारणार नाही."

"एवढंच ना?" पाताळ म्हणाला. "दोन शब्द तर आहेत."

कसं करायचं तेही दोघांनी ठरवलं. ते इथे सांगायची गरज नाही.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. माणूस सुधारला. गाठ होती तिथेच होती, दुखणं होतं तेवढंच होतं, पण कपाळावरची आठी गेली. त्याने दोन चमचे पेज मागून घेतली. मास्तरांची सर्दी बरी झाल्यावर त्यांना म्हणाला, "वाचा, मास्तर, सरकार पडतंय का बघू." मेव्हणा रोज डेअरीच्या विहिरीत उतरत होता. संध्याकाळी पाताळ त्याला खडकाचं विचारायचा. रंग कसा, ठिणगी कशी उडते, ओल लागते का. "डाव्या अंगाला घे. उजवीकडे मार खाशील." बायकोच्या तळहातांना तो स्वतः तेल लावायचा, थरथरत्या बोटांनी, आणि तिला म्हणायचा, "रहाटवाली झालीस की! आता मला बरोबरीने बोलावं लागेल."

रोज सकाळी मेव्हणा खाटेशी उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता उभा.

"आज नको," पाताळ म्हणायचा. "आज डाव्या अंगाचं बघ."

दुसऱ्या दिवशी, "आज नको. हिला जरा चांगली झोप लागलीय." तिसऱ्या दिवशी, "आज नको," एवढंच. असे अकरा दिवस गेले. बाहेर पडायचं दार उघडं आहे म्हटल्यावर माणूस घरात निवांत बसतो, तसा तो बसला होता. मेव्हण्याला वाटायला लागलं, हे असंच जाईल. आपल्यावर वेळ येणारच नाही. आपण नुसतं हो म्हणून मोठं पुण्य कमावलं. हा विचार त्याला आवडला होता, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

बाराव्या दिवशी सकाळी पाताळने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

पहिल्यांदा तोच दचकला. मान ताणून पुन्हा प्रयत्न केला. घशातून वाळूत चाक फिरल्यासारखा घरघराट निघाला, त्यात शब्द नव्हता. बायको पाणी घेऊन धावली. मेव्हणा दारात उभा होता तो तिथेच राहिला.

दुपारपर्यंत दुखणं वाढलं. सिस्टरबाईंना निरोप गेला. त्यांनी औषध वाढवून दिलं, तरी दर तासाला गुडघे पोटाशी यायचे आणि खाटेची दोरी करकरायची.

"आवाज परत येईल ना?" मेव्हण्याने त्यांना दाराबाहेर गाठून विचारलं.

"नाही. सांगितलं होतं की, आवाज जाईल म्हणून. प्रत्येक वेळी सांगत होते."

दुसऱ्या दिवशी त्याने पाताळच्या हातात मास्तरांचं पेन दिलं. पाताळला सहीपुरतं येत होतं. कागदावर एक रेघ उमटली, ती खाली घसरत गेली आणि चादरीवर संपली. मेव्हण्याने कागद उलटा-सुलटा करून बघितला. रेघ ती रेघच.

"दाजी, हो असेल तर डोळे मिटा."

डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. डोळे सगळ्यांचेच मिटतात.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर तो खाटेच्या कडेला बसला होता. पाताळचा हात चादरीवरून हळूहळू सरकत आला. बोटांनी मेव्हण्याची बाही पकडली. आणि हिसका बसला. एक. मधे थोडा वेळ. दोन. मग बराच वेळ काही नाही. मग तीन.

वीस वर्षांत या तिसऱ्या हिसक्यानंतर मेव्हण्याचा हात कधी थांबला नव्हता. त्याचे दंड आत्ताही आपोआप आवळले.

"शब्द, दाजी," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "शब्द ठरला होता. खूण नाही. तुम्हीच हो म्हणालात." मग खाली वाकून, कानाशी, "औषध वाढवलं की हात आपोआप थरथरतो, असं सिस्टरबाई परवा म्हणाल्या होत्या. मला कळत नाही हो. मला कसं कळणार?"

पाताळ त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग होता, की विनवणी, की फक्त दुखणं, हे मेव्हण्याने त्या दिवसापासून अनेक वेळा ठरवलं आणि अनेक वेळा बदललं. बाहीवरची बोटं सुटली नाहीत. ती त्याने एक-एक करून सोडवली आणि चादरीवर ठेवली.

त्यानंतर सत्तावीस तास लागले. ते काही सोपे गेले नाहीत. अक्का उशाशी होती. मेव्हणा अंगणात फेऱ्या घालत होता. आतून खाट करकरली की थांबायचा, करकर थांबली की चालायचा. शेवटी खाट करकरली नाही, आणि तो बराच वेळ थांबून राहिला.

माणसं आली, उचलून नेलं, परत आली. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या ते सगळ्यात पुढे होते. त्यांनी पाताळबद्दल फार चांगलं सांगितलं, आणि निघताना एक-दोघांनी मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून "आता तूच" असं म्हटलं. सिस्टरबाई दोन दिवसांनी उरलेलं औषध परत न्यायला आल्या. बाटली उजेडात धरली, वही बघितली. "थेंबाचा फरक नाही. फार नीट सांभाळलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. मेव्हण्याने मान डोलावली.

त्या गेल्यावर अक्काने अंथरुणं धुवायला काढली. चादर जाड होती, भिजल्यावर एकटीला पिळवेना. तिने एक टोक भावाकडे दिलं. दोघं समोरासमोर उभी राहिली.

"त्यांनी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

तिने पीळ द्यायला सुरुवात केली. "मग बाही ओढली तेव्हा? मी दारात होते."

"तोंडाने म्हणायचं ठरलं होतं, अक्का. धंद्याची रीत—"

"रीत मला सांगू नकोस." पाणी दोघांच्या पायांवर पडत होतं. "मी नाही म्हटलं. अगदी मोकळ्या मनाने नाही म्हटलं. का माहीत आहे? मला वाटलं, तू आहेस."

त्याने टोक घट्ट धरलं.

"एक सांग," ती म्हणाली. "आवाज जाईल असं सिस्टरबाई सांगायच्या, तेव्हा तू ऐकलं होतंस?"

नाही म्हणता आलं असतं. मान डोलवताना कोण ऐकतं? तिलाही ते पटलं असतं, आणि ती दोघं त्या घरात पुढची वीस वर्षं सुखाने राहिली असती.

"अर्धं," तो म्हणाला.

अक्काने चादर सोडली नाही. तिने आणखी एक पीळ दिला, मग आणखी एक. चादरीतून पाणी गळायचं थांबलं तरी ती पीळ देतच राहिली, आणि तो समोरचं टोक धरून उभा राहिला.